परमुलखात किडनी बदलली, आता गावी आलो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळच्या एका खेड्यातली. आमच्या खानापूर-आटपाडी भागात, तसंच सातारा जिल्ह्यातल्या खटाव-माणमध्ये घराआड एक घर गलाईच्या धंद्यात आहे. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं हे काम. त्यासाठी आमची माणसं पार केरळापासून काश्मीरपर्यंत पसरलेली. आमचे हे तमिळनाडूत होते. २०१६ साली तिथंच त्यांची किडनी बदलली. सासूबाईंनी दिली.

तेव्हापासून मला फोन येतात. कुणी सेलमहून करतं, कुणी रायपूरहून, तर कुणी गावी परत येऊन आटपाडीहून. मी डॉक्टर नाही. पण भाषा न कळणाऱ्या दवाखान्यात सात आठवडे काढलेत आणि चुकाही केल्यात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहून काढले. बहुतेक किडनीबद्दल आहेत. लिव्हर बदललेल्यांनाही गोळ्यांचं बरंचसं लागू पडेल, पण त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

किडनी बदलली म्हणजे जुन्या दोन काढून टाकल्या का?

बहुतेक वेळा नाही. जुन्या पाठीमागे आपल्या जागी तशाच राहतात आणि नवी पुढून, ओटीपोटात एका बाजूला बसवतात. म्हणजे अंगात तीन होतात, काम एकच करते. आमच्या चुलत सासऱ्यांना हे पटायला वर्ष लागलं. ते ह्यांच्या पाठीवर टाका शोधायचे.

नवी किडनी पोटात अगदी वरवर असते. म्हणून पोटावर पट्टा करकचून बांधणं, तिथं मार बसेल असं काम करणं टाळायचं. बाहेरच्या डॉक्टरने पोट तपासायला घेतलं की आधी सांगायचं, "इथं नवी किडनी आहे."

गोळ्या किती दिवस घ्यायच्या?

किडनी चालते आहे तोवर. सहा महिने नाही, "बरं वाटेपर्यंत" तर नाहीच. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच. सगळ्यात जास्त किडन्या इथंच जात असाव्यात असं मला वाटतं. एक-दोन वर्षं छान जातात, क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) चांगलं येतं, मग "आता कशाला एवढ्या महागाच्या" म्हणून कुणीतरी एक गोळी कमी करतं.

ही गोळी प्रतिकारशक्ती कमी करते म्हणे. मग गुळवेलाचा काढा घेऊन ती वाढवली तर?

नको. कारण समजून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा काढा कुणीतरी सुचवेलच.

आपल्या अंगात राखणदार असतात. जंतू आला की ओळखायचा आणि मारायचा, एवढंच त्यांना येतं. आईची किडनी असली तरी त्यांना ती परकीच दिसते, म्हणून ते तिच्यावरही धावून जातात. टॅक्रोलिमस (हिलाच सगळे "टॅक" म्हणतात), मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉईड) ह्या गोळ्या राखणदारांना दमात ठेवतात. आम्ही पहिल्यांदा त्या तमिळ गल्लीत खोली घेतली तेव्हा शेजारी दाराआडून बघायचे. ओळख व्हायला महिने गेले. किडनीच्या बाबतीत ती ओळख कधीच पूर्ण होत नाही, म्हणून गोळी सुटत नाही.

आता गुळवेल, अश्वगंधा, "इम्युनिटी वाढवणारी" पावडर देऊन त्याच राखणदारांना पुन्हा उठवायचं म्हणजे काय होईल ते तुम्हीच बघा. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. पण हे काढे ज्याच्यासाठी आहेत तो आजार वेगळा आणि आपलं प्रकरण वेगळं.

डॉक्टर इंग्रजीत, नर्स तमिळमध्ये बोलायच्या. काहीच कळलं नाही, तरी "हो" म्हणून आलो. आता काय?

सगळेच "हो" म्हणतात. मीही म्हटलं. समोर डॉक्टर घाईत, मागं रांग, "समजलं?" विचारल्यावर मान आपोआप हलते. अडाणीपणाचा इथं संबंध नाही. माझ्या ओळखीत एक बी.कॉम. झालेले गृहस्थ आहेत, त्यांनीही मान हलवली होती.

यावर एकच उपाय मला सापडला. "समजलं का" याचं उत्तर द्यायचंच नाही. म्हणायचं, "डॉक्टर, मी काय समजले ते सांगते, चुकलं तर थांबवा." आणि मोडक्या हिंदीत का होईना, सगळं उलट सांगायचं: ही गोळी किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, उलटी झाली तर काय, फोन कुणाला. परदेशातल्या मोठ्या रुग्णालयांत स्थलांतरित रुग्णांसाठी परिचारिकांना हीच पद्धत शिकवतात. तिथं रुग्णाकडून वदवून घेणं हे नर्सचं काम धरतात. आपल्याकडं ते काम आपणच अंगावर घ्यायचं. दोन मिनिटं लागतात. डॉक्टर वैतागत नाहीत, उलट पहिल्या वाक्याला थांबवतात, कारण पहिलंच वाक्य चुकलेलं असतं.

तुम्ही गावी पोचला असाल तरी उशीर झालेला नाही. रुग्णालयात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर, म्हणजे अवयव बदललेल्यांचं सगळं बघणारा माणूस, असतो, त्याला फोन लावा आणि असंच उलट सांगा. डॉक्टरांपेक्षा त्याच्याकडं वेळ जास्त असतो.

दवाखान्यात मुलगा दुभाष्या म्हणून चालेल का? त्याला तमिळ येतं.

आमचा मुलगा तेव्हा नववीत होता, तमिळ शाळेत शिकलेला. त्यानेच सगळं सांगितलं. पुढं कळलं की दोन गोष्टी त्याने सांगितल्याच नव्हत्या. एक त्याला स्वतःलाच समजली नव्हती. दुसरी म्हणजे, "किडनी नाकारली जाऊ शकते" हे आईला कसं सांगायचं म्हणून त्याने गिळून टाकली होती. पोराला दोष देत नाही, पण पुन्हा मुलाला पुढं करणार नाही. मोठं माणूस न्या, शक्यतो घराबाहेरचं. त्या गावात मराठी मंडळ किंवा गलाईवाल्यांची संघटना असतेच. बायकांच्या प्रश्नांसाठी बाई न्या. लघवीचं, पाळीचं, संबंधांचं मुलाच्या तोंडून कोण विचारणार?

टॅकची "लेव्हल" तपासायच्या दिवशी गोळी घेऊन जायचं की न घेता?

न घेता. डबीत बरोबर न्यायची, रक्त दिलं की लगेच घ्यायची.

हे मी ठळक लिहिते आहे कारण आमची किडनी इथंच जायची होती. लेव्हल म्हणजे गोळी घ्यायच्या आधी रक्तात औषध कमीत कमी किती उरलंय ते. रात्री सातला गोळी घेतली तर रक्त सकाळी सातच्या सुमाराला, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं. मला सांगितलं होतं "ट्वेल्व अवर्स". मी समजले, बारा वाजता. म्हणून सातची गोळी देऊन, नाष्टा करून, आम्ही निवांत बाराला प्रयोगशाळेत. रक्तात औषध भरपूर, रिपोर्टात लेव्हल चढलेली. डॉक्टरांनी डोस कमी केला. पुढच्या वेळी परत तेच, परत डोस कमी. दीड महिन्यात क्रिएटिनिन १.२ वरून २.१ वर गेलं.

तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज गोळी किती वाजता घेतली?" एवढाच प्रश्न. त्याआधी तो कुणी विचारला नव्हता आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी) झाली, स्टेरॉईडची इंजेक्शनं झाली, किडनी वाचली. तुम्ही मात्र रिपोर्टच्या कागदावर पेनाने दोन वेळा लिहीत जा: शेवटची गोळी किती वाजता आणि रक्त किती वाजता. कुणी विचारो न विचारो.

दिवसातून एकदाच घ्यायची टॅकची गोळी वेगळी असते. तिचं रक्त चोवीस तासांनी. दोन्हींची अदलाबदल परस्पर कधीच करायची नाही.

चिठ्ठीवर ओडी, बीडी, टीडीएस लिहिलंय. ते काय?

ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. "एसी" जेवणाआधी, "पीसी" जेवणानंतर.

त्याहून धोक्याचा आहे तो टिंब. टॅकची कॅप्सूल ०.५ ची येते, १ ची येते, ५ ची येते. फोनवर कुणी म्हणालं "पॉइंट फाइव्ह" आणि ऐकणाऱ्याने "फाइव्ह" ऐकलं, तर दहापट. मी मिलिग्रॅम बोलतच नाही. "अर्धी", "एक", "पाच" असं मराठीत बोलते आणि पाकिटाचा फोटो पाठवते. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर घेऊ नका असं नाही, पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. टॅकचा ब्रँड बदलला की पुन्हा लेव्हल बघावी लागते.

सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी मी दोन कापडी पिशव्या शिवल्या, एकीवर पिवळ्या दोऱ्याने सूर्य आणि दुसरीवर चंद्रकोर. मी माहेरी गेले की त्याच गोळ्या देतात, एकदाही चुकल्या नाहीत.

गोळी विसरली तर?

थोडाच वेळ झाला असेल तर आठवताच घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडा आणि ठरलेल्या वेळेला एकच घ्या. दोन एकदम कधीच नाही. "थोडाच वेळ" म्हणजे किती तास, हे आपल्या कोऑर्डिनेटरला आजच विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवा. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर काय करायचं, तेही त्याच कागदावर.

द्राक्षं खायची नाहीत असं पत्रकात लिहिलंय. आमची तर बागच आहे!

खा. स्वच्छ धुऊन, पण खा.

हा सगळा घोळ एका शब्दाचा. इंग्रजीत "ग्रेपफ्रूट" नावाचं फळ आहे. ते द्राक्ष नव्हे, आपल्या पपनसाच्या जातीचं मोठं, कडवट लिंबूवर्गीय फळ. त्यातला घटक आतड्यातल्या औषध तोडणाऱ्या रसायनाला अडवतो, मग टॅकची लेव्हल बेसुमार चढते. त्याचा परिणाम दिवसाहून जास्त टिकतो, म्हणून "सकाळी गोळी, संध्याकाळी फळ" अशी पळवाटही नाही. कुणीतरी पत्रकाचं भाषांतर करताना ग्रेपफ्रूटचं "द्राक्षफळ" केलं असणार आणि तासगाव भागातल्या माणसाला ते वाचून काय वाटणार? ह्यांनी दोन हंगाम भावाच्या बागेतला एक मणी तोंडात घातला नाही. भाऊ पेट्या पाठवायचा आणि आम्ही वाटून टाकायचो.

वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट आणि पपनस. गणपतीच्या ताटातलं पपनस प्रसाद म्हणूनही नको. करमळ, ज्याला काही जण स्टारफ्रूट म्हणतात, तेही किडनीवाल्यांनी टाळायचं. आटपाडीच्या डाळिंबाबद्दल डॉक्टरांची मतं वेगवेगळी पडतात, तेव्हा वाटीभर दाणे की रोज ग्लासभर रस, हे नेमकं सांगून विचारा.

साखर असेल तर द्राक्षांचं प्रमाण मधुमेहाच्या हिशेबाने. टॅक आणि स्टेरॉईड या दोन्हींनी साखर नव्याने सुरू होऊ शकते.

हळद? उसाचा रस? घरच्या म्हशीचं दूध?

भाजी-आमटीतली हळद चालते. सांगलीच्या माणसाला हळद बंद सांगितली तर तो दवाखानाच बदलेल. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, रोज चमचाभर हळद टाकून दूध असे प्रकार नकोत, लेव्हल हलते. दूध उकळूनच, धारोष्ण नाही. गाड्यावरचा रस आणि त्यातला बर्फ नाही. घरी स्वच्छ यंत्रावर काढला तर साखरेचा विचार करून. कापून ठेवलेली फळं, पाणीपुरीचं पाणी पहिलं वर्षभर तरी विसरा.

एकादशी, नवरात्राचे उपवास?

आधी डॉक्टरांना विचारा. निर्जळी तर नाहीच. नव्या किडनीला पाणी लागतं, किती ते तुमच्या लघवीवरून डॉक्टर सांगतील. आमच्या ह्यांनी एकादशी सोडली नाही, पण गोळ्या आणि पाणी घेऊन. सासूबाईंचं म्हणणं, विठोबाला क्रिएटिनिन कळतं.

गावात ताप आला. गावातल्या डॉक्टरांकडे जाऊ का?

जा, पण दाराशीच सांगा, "माझी किडनी बदललेली आहे, ह्या गोळ्या चालू आहेत." १००.४ च्या वर ताप गेला तर गावात एक दिवसही काढायचा नाही. त्याच दिवशी मूळ रुग्णालयाला फोन आणि जवळच्या नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे. आपल्या ताप-खोकल्यामागं टीबी असू शकतो, लघवीचा संसर्ग असू शकतो, आणि गोळ्यांमुळं ताप फार चढतही नाही. म्हणून "कणकण तर आहे" म्हणून बसू नये.

गावच्या डॉक्टरांना दाखवायला एक कागद खिशात ठेवा. माझ्या पाकिटात मराठीत लिहिलेला आहे, तो असा:

"दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये. पॅरासिटामॉल चालते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी टॅकची लेव्हल चढते. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटसाठीचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांनी ती पडते. यातलं काही द्यायचं झालं तर आधी ह्या नंबरवर बोला."

हा कागद बघून चिडलेला डॉक्टर मला अजून भेटला नाही. एकाने त्याची झेरॉक्स काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली.

किडनी नाकारली जातेय हे कळतं कसं?

लघवी कमी होणं, पायावर सूज, दोन दिवसांत किलो-दीड किलो वजन वाढणं, बीपी चढणं, नव्या किडनीवर दुखणं, ताप. पण खरं सांगायचं तर बऱ्याचदा काहीच कळत नाही, फक्त रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. म्हणून तपासणी चुकवायची नाही. घरात वजनकाटा, बीपीचं यंत्र आणि थर्मामीटर ह्या तीन वस्तू आणि एक वही. आमच्या वहीत मागच्या पानांवर दुधाचा हिशेब असतो, त्याने काही बिघडत नाही.

गावी परत आलो. आता दर महिन्याला तमिळनाडूला जायचं का?

पहिल्या वर्षी जमेल तेवढं मूळ रुग्णालयात दाखवा. पुढं इथला नेफ्रॉलॉजिस्ट धरा, पण मूळ टीमशी धागा तोडू नका. मिरजेत १८९४ पासून मिशन हॉस्पिटल आहे, तेव्हापासून हे गावच दवाखान्यांचं. निम्मा उत्तर कर्नाटक इथं उपचाराला येतो. कराडलाही मोठं वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेफ्रॉलॉजिस्ट मिळतो. मिळत नाही ती तुमची फाईल.

तमिळनाडू सोडण्याआधी हे मागून घ्या: डिस्चार्ज समरी, शस्त्रक्रियेच्या नोंदी, दात्याची माहिती, दोघांच्या रक्तगटाचे आणि जुळणीचे रिपोर्ट, बायोप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, आजवरच्या सगळ्या लेव्हल, घेतलेल्या लसी. सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये.

नावाचा घोळही तिथंच मिटवा. तिकडं वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आधी आणि आडनाव गायब अशी पद्धत. ह्यांच्या फाईलवर एक नाव, आधारकार्डावर दुसरं. विम्याच्या दाव्याला चार महिने लागले ते याच पायी.

पैशाचं काय? योजना आहेत का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण येतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने त्यासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. पण उपचार योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात व्हावा लागतो. परराज्यात राहणाऱ्यांनी आयुष्मान कार्ड काढून ठेवावं, ते देशभरातल्या अंगीकृत रुग्णालयांत चालतं, हेल्पलाइन १४५५५. शस्त्रक्रियेचं पॅकेज वेगळं आणि जन्मभराच्या गोळ्या वेगळ्या. गोळ्या किती काळ मिळतील हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

प्रत्यारोपणासाठी किंवा डायलिसिससाठी रेल्वेने जाताना स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही. फॉर्मवर रुग्णालयाचा सही-शिक्का लागतो. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तोवर पूर्ण भाड्याने हिंडलो.

घरात दाता नाही. परराज्यात राहून प्रतीक्षा यादीत नाव घालता येतं का?

येतं. मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी नोंदणी करताना त्याच राज्याचा रहिवासी हवा ही अट २०२३ मध्ये केंद्राने काढली, ६५ वर्षांची वयोमर्यादाही काढली. नाव एकाच ठिकाणी नोंदवायचं. कुठं, ते विचार करून ठरवा: बोलावणं आलं की काही तासांत पोचावं लागतं आणि नंतरची वर्षं तिथंच जा-ये करायची असते. सांगली-सातारकरांसाठी पुण्याचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे.

आणि कुणी "लाखभरात किडनी मिळवून देतो" म्हणाला तर पोलिसांत जा. १९९४ च्या कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. भाषा न येणारा माणूस बघूनच दलाल हेरतात.

ते परत गलाईच्या दुकानात बसतील का?

पहिलं वर्षभर तरी भट्टीपुढं नाही. तेजाबाची वाफ फुप्फुसाला वाईट, भट्टीची धग अंगातलं पाणी ओढते. आणि आमच्या धंद्यात कुणी बोलत नाही ती गोष्ट: शिसं आणि कॅडमियम हे दोन्ही धातू किडनी खराब करतात. "केडीएम" दागिन्यांचा डाग, म्हणजे जोड, कॅडमियमचाच. जुने दागिने वितळवताना त्याचा धूर कुणाच्या नाकात जातो? ह्यांच्या मूळच्या किडन्या कशाने गेल्या हे कुणी खात्रीने सांगितलं नाही, कागदावर बीपी लिहिलं आहे. मी मात्र दुकानात धुराडं बसवल्याशिवाय त्यांना बसू दिलं नाही. आता ते गल्ल्यावर बसतात, भट्टी भाचा बघतो, मास्क लावून.

शेतीचं म्हणाल तर पहिलं वर्ष शेणखत, कुजलेला पाला, बुरशी आलेली कडब्याची गंजी यांपासून लांब. नंतर हातमोजे, मास्क, बंद बूट. फवारणी दुसऱ्याने करायची.

वारीला जाऊ का?

पालखी लोणंद-फलटणला आली की रस्त्याकडेला उभं राहून दर्शन, एवढं आम्ही ठरवलं. गर्दी आणि टँकरचं पाणी हे दोन्ही नको.

पुराच्या दिवसांत काय करावं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी चढलं तेव्हा आमच्या नात्यातले एक किडनीवाले दुसऱ्या मजल्यावर तीन दिवस अडकले, गोळ्या तळमजल्याच्या कपाटात. नदीकाठच्यांनी जूनपासूनच महिनाभराच्या गोळ्या, चिठ्ठीची प्रत आणि कोऑर्डिनेटरचा नंबर चेनच्या प्लास्टिक पिशवीत वरच्या मजल्यावर ठेवावा. पुराच्या पाण्यात उतरू नका, चिखल काढायला तर अजिबात नाही. लेप्टोचा (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका सगळ्यांनाच, आपल्याला जास्त.

किडनी बदलल्यावर मूल होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण ठरवून. बाईची किडनी बदलली असेल तर साधारण वर्षभर तरी थांबायला सांगतात. मायकोफेनोलेट पोटातल्या बाळाला घातक आहे, ते किमान दीड महिना आधी बंद करून दुसरी गोळी बसवावी लागते, डॉक्टरांनीच. पाळी परत सुरू व्हायच्या आधीही दिवस राहू शकतात. हे सुनेला कुणी सांगत नाही, सासूला तर सांगतच नाहीत. सांगा.

लसी घ्यायच्या का?

फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची आणि "ब" काविळीची (हिपॅटायटिस बी) डॉक्टर सांगतील तशी. गोवर, कांजिण्या, बीसीजी अशा जिवंत लसी नाहीत.

आमच्या बागेत बिहारचा कामगार आहे, त्याची किडनी बदललेली आहे. त्याला मराठी येत नाही.

म्हणजे आम्ही तिकडं जे होतो ते तो इथं आहे. तासगावच्या एका बागायतदाराने हा प्रश्न विचारला, मला फार बरं वाटलं. त्याला दवाखान्यात एकट्याला पाठवू नका आणि "समज गया?" विचारू नका. त्याच्याकडून हिंदीत, भोजपुरीत, जसं येईल तसं वदवून घ्या. त्याचं आयुष्मान कार्ड इथंही चालतं. फवारणीवर लावू नका. गोळीची वेळ झाली की पाच मिनिटं सोडा, मुकादमाला तसं सांगून ठेवा. छाटणीचा हंगाम असला तरी.

ज्यांनी किडनी दिली त्यांचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. दात्याला घरी सोडताना आम्हाला कागद दिला तो ह्यांचा, सासूबाईंचा नाही. दात्याचीही वर्षातून एकदा बीपी, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला हवं, आयुष्यभर. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्या त्यांनाही नकोत. आमच्याकडं गुडघे दुखले की दुकानातून परस्पर आणतात, त्या त्याच असतात.

सासूबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दर संक्रांतीच्या आधी त्यांना घेऊन मिरजेला जाते. परवा डॉक्टरांनी "समजलं का आजी?" विचारलं, तर म्हणाल्या, "थांबा, मी सांगते, तुम्ही ऐका."